कासमचं पाणी

कासम पेवेकराला अरबी येतं, ही बातमी त्याने स्वतः कधी पसरवली नव्हती. ती आपोआप पसरली आणि त्याने ती खोडली नाही, एवढंच.

दाभोळच्या खाडीकाठी त्याचं गाव. लहानपणी मौलवींच्या छडीखाली त्याने कुराण पाठ केलं होतं, आणि गळा असा गोड की पढायला लागला की बायका चुलीपुढून उठून दाराशी येत. कुवेतला आल्यावर शहराच्या तटाच्या बनेद अल-गार फाटकाजवळ कोकणातल्या माणसांची एक लांबट खोली होती, तिथे तो उतरला. त्या पहिल्याच रमजानात खोलीतल्या सगळ्यांनी त्याला नमाज पढवायला पुढे उभं केलं. रस्त्याने जाणारे दोन अरब त्याचा आवाज ऐकून आत आले आणि मागच्या रांगेत उभे राहिले. त्या दिवसापासून कोकण्यांत कासमच्या शब्दाला वजन आलं. तेलकंपनीच्या गोदामात तो साधा कारकून होता, पण कोणाचा अरबी कागद आला, की "कासमला दाखवा," म्हणायचे. बाजारातलं अरबी त्याने उचललं होतं. भाव करता येत होता, रस्ता विचारता येत होता. बाकी अडलं तर तो मान डोलवायचा आणि हसायचा.

तो काळ पन्नासच्या थोडा पुढचा. कंपनीच्या कचेरीत भिंतीवर कुवेतचा एक मोठा नकाशा होता. किनाऱ्याच्या बाजूला नावांची गर्दी, आणि पश्चिमेकडे नुसता पांढरा कागद. त्या पांढऱ्या कागदात कंपनीला आता रस वाटू लागला होता. जमीन तपासणारे प्रिचर्डसाहेब दोन ट्रक आणि एक जीप घेऊन तिकडे निघणार होते. त्यांचा दुभाषा बसऱ्याचा होता, तो नेमका काविळीने पडला. हेडक्लार्कने कासमचं नाव सुचवलं.

साहेबाने त्याला समोर उभं केलं. "अरबी येतं तुला?"

"येतं, साहेब."

"मग बोलून दाखव काहीतरी."

कासमने क्षणभर विचार केला आणि कुराणातल्या चार आयती म्हटल्या, अगदी सुरात. साहेबाला अर्थ कळायचा प्रश्नच नव्हता. तो खूश झाला, टेबलावर हात आपटून म्हणाला, "नेमला तुला."

बाहेर आल्यावर कासमला स्वतःचंच हसू आलं. त्यात थोडी भीतीही होती, पण तेव्हा हसू जास्त होतं.

पहिला ट्रक चालवायला नझीर होता, खाडीच्या पलीकडच्या गावचा, कासमपेक्षा बराच मोठा. गाडी दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी चाकांच्या ट्यूब तपासता तपासता तो म्हणाला, "कासम, बदूंचां बोलणां तुना कळता काय रं? ती बोली येगळी हाय."

"कळता, नझीरभाय. अरबी ती अरबीच."

नझीरने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि परत चाकाकडे वळला.

तटाचं जहराकडचं फाटक मागे पडलं. जहरा गावची खजुराची झाडं मागे पडली. मग मागे पडायला काही उरलंच नाही. वाट दाखवायला मुतलक नावाचा एक बदू, वाळवंटातला भटका अरब, होता. काटक, मध्यम वयाचा, डोक्याचं फडकं तोंडावरून घट्ट लपेटलेला. त्या फडक्याआडून तो बोलायचा ते शब्द कासमच्या कानाला अर्धेच लागत. 'क'चा कुठे 'च' व्हायचा, कुठे 'ग' ऐकू यायचा, आणि शेवटचा अर्धा शब्द तो गिळूनच टाकायचा. पण मुतलक बोलताना हात दाखवायचा. हाताच्या दिशेवरून कासम अर्थ लावी आणि साहेबाला इंग्रजीत सांगे, "साहेब, इकडून जाऊ म्हणतो. पुढे दगड आहेत म्हणतो." पुढे दगड असायचेच. साहेब लिहून घ्यायचा आणि म्हणायचा, "शाबास."

खरं म्हणजे त्या दिवसांत कासम सुखात होता. खाडीकाठच्या माणसाला उघड्यावरची सवय असते. त्या सपाट, करड्या मुलखात गाडी चालली की त्याला होडीतून निघाल्यासारखं वाटे. सकाळी साहेब दुर्बीण लावायचा, दगड फोडून बघायचा, आणि एखाद्या टेकाडाला, एखाद्या कोरड्या घळीला मुतलककडून नाव विचारायचा. मुतलक नाव सांगे, कासम ते पोहोचवे, आणि त्या पांढऱ्या कागदावर ते उमटे. आपल्या तोंडून निघालेलं नाव नकाशावर जातंय, याची त्याला गंमत वाटायची. नाव नीट कळलं नाही, तर तो जवळपासचं काहीतरी सांगून द्यायचा. कोण विचारायला येणार होतं?

पुढे दगडांचं एक मोठं रान लागलं. ट्रक असे आदळले की मागच्या ट्रकातल्या पाण्याच्या एका पिंपाची शिवण उकलली, आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत अर्ध्याच्या वर पाणी वाळूत गेलं होतं. त्यातच नझीरच्या ट्रकचा रेडिएटर गळायला लागला. थोडं चाललं की वाफ, थोडं चाललं की वाफ. प्यायचं पाणी काटकसरीने पुरलं असतं, पण गाडीलाही तेच पाजायचं म्हटल्यावर साहेबाच्या कपाळावर आठ्या दिसायला लागल्या. तो पश्चिमेची मोठी घळ बघितल्याशिवाय परतायला तयार नव्हता.

दुपारच्या सुमाराला ते एका उथळ खळग्यापाशी आले. हिवाळ्यात तिथे पावसाचं पाणी साचत असावं. आता नुसता फुटलेला चिखल होता. खळग्याच्या कडेला माणसाच्या कमरेएवढी दगडांची रास होती. साहेबाच्या सांगण्यावरून नझीरने वरचे दगड बाजूला केले. आत, सावलीत, रॉकेलचे जुने डबे नीट ओळीने ठेवलेले होते. तोंडं फडक्याने बांधून वर चिखलाने लिंपलेली. नझीरने एक हलवला. पाणी डुचमळलं.

"हे कोणाचं?" साहेबाने विचारलं. "विचार त्याला."

मुतलक तेव्हा जीपपासून दूर, उंचवट्यावर उभा होता. पुढची वाट बघायला तो निघालाच होता. वारा चांगलाच सुटला होता. कासमने ओरडून विचारलं, "पाणी! कोणाचं?"

मुतलकने वळून, हात हलवत, फडक्याआडून काहीतरी लांबलचक सांगितलं. त्यातला एकच शब्द कासमच्या हाती लागला. तोही पुरता नाही. 'लकुम' म्हणाला, की 'लहुम'? लकुम म्हणजे तुमचं, तुमच्यासाठी. लहुम म्हणजे त्यांचं. दोन्ही शब्द कासमला पाठ होते, लहानपणापासून हजार वेळा जिभेवरून गेलेले. फरक एका अक्षराचा, आणि ते अक्षर वाऱ्याने नेलं होतं.

मुतलक उतारावरून पलीकडे चालायला लागला. पळत गेलं असतं तर गाठता आला असता. पण साहेब बाजूला उभा होता. नझीर डबा हातात घेऊन बघत होता. दुभाष्याने पळत जाऊन "काय म्हणालास?" असं विचारायचं, म्हणजे सगळ्यांदेखत कबूल करायचं. शिवाय कासमलाही तहान लागली होती.

"काय म्हणतो?" साहेबाने विचारलं.

"आपल्यासाठी आहे म्हणतो, साहेब. वाटसरूंसाठी ठेवलेलं असतं, असं."

ती पुढची पुस्ती त्याची स्वतःची होती.

साहेबाचा चेहरा उजळला. "कासम, तू आमची मोहीम वाचवलीस!"

नझीर मात्र डबा हातातच धरून होता. "बराबर ऐकलास ना?"

"ऐकलंय, नझीरभाय. ओता."

नझीरने ओतलं. रेडिएटरमध्ये, पिंपात, बाटल्यांत. रिकामे डबे साहेबाने पुन्हा राशीत नीट ठेवायला लावले. वाटसरूंची सोय मोडू नये म्हणून.

मुतलक परत आला, तेव्हा त्याने आधी ओली वाळू पाहिली. मग राशीपाशी जाऊन एकेक डबा उचलला आणि खाली टाकला. आणि मग तो कासमवर आला. तोंडावरचं फडकं त्याने ओढून खाली केलं होतं, आणि या वेळी शब्द स्वच्छ होते. म्हणजे असं, की कासमला जवळजवळ सगळं कळलं. दहाम नावाच्या माणसाचं पाणी. बायको, म्हातारी आई, मुलं, शेळ्या. घळीकडच्या विहिरींवरून ते इकडे निघतील, अर्ध्या वाटेवर हेच पाणी. मी सांगितलं होतं, त्यांचं आहे, हात लावू नका. पिंपातलं परत डब्यांत भरा, आणि इथूनच मागे फिरा!

"एवढा का चिडलाय तो?" साहेबाने विचारलं.

ही वेळ होती. पुढे आयुष्यभर कासमला त्या शब्दांबद्दल जितकं वाटलं नाही, तितकं या वेळेबद्दल वाटत राहिलं. वाऱ्याचा दोष, फडक्याचा दोष, हे सगळं पहिल्या चुकीला लावता येत होतं. इथे वारा पडला होता.

"उशीर होतोय म्हणतो, साहेब," तो म्हणाला. "डबे वेडेवाकडे ठेवले, म्हणून रागावलाय."

साहेबाने मुतलकच्या खांद्यावर थोपटलं आणि गाड्या सुरू करायला लावल्या. मुतलक एकदा साहेबाकडे आणि एकदा कासमकडे बघत राहिला. हा माणूस आपलं बोलणं पलीकडे पोहोचवत नाहीये, हे त्याला कळलं असावं. तो जीपमध्ये बसला, पण त्यानंतर कासमशी बोलला नाही. वाट हाताने दाखवायचा, बस.

त्यांनी घळ पाहिली. साहेबाने तिची मोजमापं घेतली, दगडांच्या पिशव्या भरल्या. घळीच्या पलीकडच्या टोकाच्या एका विहिरीवर पिंपं भरून घेतली आणि काही दिवसांनी ते दुसऱ्या बाजूने वळसा घेऊन त्याच खळग्याकडे परतायला लागले.

पहिली शेळी वाटेत आडवी पडलेली दिसली, तेव्हा जीप थांबवून साहेब म्हणाला, "रोगाने मेली असेल." मग दुसरी दिसली. मग दोन पिलं शेजारी शेजारी. मग त्या दिसतच राहिल्या, राशीच्या दिशेने, एकामागे एक. पुढच्या ट्रकात नझीर स्टिअरिंगवर हात ठेवून सरळ समोर बघत होता. त्याच्या शेजारी बसलेल्या कासमला खाली बघवेना आणि डोळे मिटवेनात.

राशीच्या सावलीत काळी घोंगडी काठीवर ताणून ती माणसं बसली होती. दहाम नव्हता, जिवंत राहिलेला एकमेव उंट घेऊन तो मागे विहिरीकडे पाण्याला गेला होता. त्याची बायको दोन मुलांना मांडीवर घेऊन होती. मुलांचे ओठ फुटले होते. आणि एक म्हातारी रिकाम्या डब्याला टेकून बसली होती.

मुतलक गाडी थांबायच्या आत उतरला. ट्रकवर चढून त्याने भरलेलं एक पिंप सोडवायला घेतलं. साहेब ओरडला, "अरे, सगळं पिंप कशाला? एक डबा दे!" मुतलकने ऐकलं नाही. पिंप एका माणसाला पेलणारं नव्हतं. तेव्हा नझीर खाली उतरला आणि त्याने दुसऱ्या बाजूने पिंपाला हात घातला. दोघांनी ते उतरवून घोंगडीपाशी नेलं.

कासम उतरला होता, पण कुठे उभं राहावं, हे त्याला कळत नव्हतं. मुलं पाणी पीत होती. म्हातारीने आधी मुलांना, मग सुनेला दिलं, मग स्वतः घेतलं. मुतलकने खाली वाकून तिला काहीतरी सांगितलं आणि कासमकडे बोट केलं. म्हातारीने मान वळवली. तिचे डोळे पाणावलेले, निळसर झालेले होते. ती फार सावकाश बोलली. परक्या माणसाशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून.

"तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस?"

त्यात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. कासमकडे उत्तर होतं, पण ते कुठल्याही भाषेत सांगण्यासारखं नव्हतं.

"काय म्हणते ती?" साहेबाने मागून विचारलं.

"शेळ्यांना रोग झाला म्हणते," कासम म्हणाला.

मुतलक तिथेच राहिला. दहाम येईपर्यंत या माणसांना सोडून येणार नाही, हे त्याने हातांनी सांगितलं. कासमने ते "परत यायचं नाही म्हणतो" असं पोहोचवलं. साहेब चिडला. अर्ध्या वाटेत काम टाकणारा माणूस कंपनीला नको, असं त्याने परत गेल्यावर सांगून टाकलं. मुतलकला कंपनीत पुन्हा काम मिळालं नाही.

कुवेतला फाटकाशी कासमला उतरवताना नझीर फक्त म्हणाला, "मी तुज्या जबानीवर ओतलां रं पाणी." आणि ट्रक पुढे काढला. ती गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही. सांगितली असती, तर कासमला कदाचित हलकं वाटलं असतं.

काही महिन्यांनी नवा नकाशा छापून आला. पश्चिमेच्या पांढऱ्या कागदावर आता रेषा होत्या, टेकाडं होती, नावं होती. खळग्याच्या जागी एक बारीक ठिपका होता आणि त्याच्या शेजारी इंग्रजीत छापलं होतं: 'कासमचं पाणी'. प्रिचर्डसाहेबाने कौतुकाने दिलेलं नाव. हेडक्लार्कने सगळ्यांना बोलावून ते दाखवलं. खोलीवर बिर्याणी झाली. एवढ्या मुलखात एका कोकण्याचं नाव नकाशावर गेलं, म्हणून बदरुद्दीन तांडेल नावाच्या म्हाताऱ्या खलाशाने कासमला मिठी मारली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कासम बिर्याणीचा घास तोंडात फिरवत बसला.

त्या वर्षीच्या रमजानात त्याने पुढे उभं राहायला नकार दिला. घसा बसतो, म्हणाला. मागच्या रांगेत उभा राहू लागला. दुभाष्याचं काम त्याने पुन्हा कधी घेतलं नाही. अरबी मात्र तो शिकला. भाजीवाल्याकडून, पाणीवाल्याकडून, मशिदीच्या पायरीवर बसणाऱ्या बदूंकडून. शब्द कळला नाही, की तो विचारायचा, परत विचारायचा, समोरचा वैतागेपर्यंत विचारायचा.

मग लग्न झालं. काही वर्षांनी फखरुन्निसाही कुवेतला आली. तिने नकाशाची गोष्ट गावीच ऐकली होती आणि बनेद अल-गारमधल्या शेजारणींना ती तिखटमीठ लावून सांगे. "आमचे हे साहेबाबरोबर गेले होते, जिथे माणूस गेला नव्हता तिथे." कासम एकदा तिच्यावर खेकसला, "माणूस नव्हता, कोण म्हणालं तुला?" नंतर तिने खालच्या आवाजात विचारलं, "काय झालं होतं तिथे?" तो उठून बाहेर गेला.

साठचं दशक अर्धं सरलं, तेव्हा दक्षिणेला समुद्रकाठच्या शुऐबाला कारखाने उभे राहत होते. कंपनीने कासमला तिथल्या मोठ्या गोदामावर स्टोअरकीपर म्हणून पाठवलं. गोदामाला दोन फाटकं, एक समुद्राकडचं, एक रस्त्याकडचं. पहिल्याच सकाळी रस्त्याकडच्या फाटकावर एक बदू रखवालदार होता. राखाडी दाढी, खांद्यावर कंपनीचा जुना कोट. कासमने सलाम केला. त्याने सलाम घेतला, साखळी काढली आणि विचारलं, "घरचे कसे?"

नाव विचारल्यावर तो म्हणाला, "दहाम."

या नावाचे बदू पुष्कळ असतात, असं कासमने स्वतःला सांगितलं. मग थोडं थोडं कळत गेलं. हा पश्चिमेकडचा. आधी शेळ्या होत्या, एका उन्हाळ्यात गेल्या. मग उंट विकला. मग शहराच्या कडेला पत्र्याची झोपडी, आणि मग कंपनीची रखवाली. दहाम हे सगळं हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला. त्याने कासमला त्या दिवशी पाहिलं नव्हतं; तो पाण्याला गेला होता. तो आपल्याला ओळखत नाही, हे कासमला पुरतं माहीत होतं, आणि त्या माहितीचा आधार वाटतो, याचीच त्याला सर्वांत जास्त लाज वाटे.

वर्ष गेलं, दुसरं गेलं. रोजचा सलाम, रोजचं "घरचे कसे?" ईदला फखरुन्निसा रखवालदारांसाठी शीरखुर्मा पाठवायची. दहाम रिकामा डबा धुऊन, त्यात खजूर घालून परत करायचा. किती वेळा कासम त्या साखळीपाशी थांबला आणि काही न बोलता आत गेला.

एका दुपारी दहामने त्याला हाक मारून आपल्या खोपटात बसवलं आणि चहा ओतला.

"आई गेली," तो म्हणाला. "शुक्रवारी."

कासमने दुवा केली. दहामने हात चेहऱ्यावरून फिरवले.

"तू इथे आलास त्या पहिल्या महिन्यात ती माझी भाकरी घेऊन आली होती. तू कोणाशी तरी बोलत जात होतास. तिला दिसत नव्हतं फारसं, पण तिने आवाज ओळखला. म्हणाली, हा तो हिंदी माणूस, पाण्याचा."

बाहेर कुठलातरी ट्रक मागे घेत होते, त्याचा आवाज येत राहिला.

"तेव्हापासून माहीत आहे तुला?"

"तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"ती म्हणाली, त्याला सांगू नकोस. सांगितलंस, तर तो समुद्राकडच्या फाटकाने जायला लागेल." दहामने खांदे उडवले. "म्हातारी माणसं. आता ती नाही, म्हणून सांगितलं. मनात ठेवून तुझा सलाम घेणं मला जड जात होतं."

कासमने तोंड उघडलं. अरबी आता त्याला चांगलं येत होतं, माफीचे शब्द तर कितीतरी येत होते. पण दहामने हात वर केला.

"चहा पी. निवतोय."

तो प्याला. काय प्याला, ते त्याला कळलं नाही.

त्या दिवशी घरी गेल्यावर तो जेवला नाही. फखरुन्निसाने विचारल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं, दगडांच्या राशीपासून चहापर्यंत. ती फक्त म्हणाली, "आणि मी शेजारपाजारी मिरवत होते." तिने भांडी गोळा केली. तिच्या बांगड्यांचा आवाज नेहमीपेक्षा कमी येत होता.

सकाळी कंपनीच्या बसने त्याला शुऐबाच्या तिठ्यावर सोडलं. डावीकडचा रस्ता समुद्राकडच्या फाटकाला जात होता. तिकडून गोदाम थोडं जवळच पडतं. त्याची पावलं डावीकडे वळली, आणि चांगली लांबपर्यंत गेलीही. मग तो थांबला. त्याच्या मागून उतरलेली माणसं त्याला ओलांडून पुढे गेली.

तो मागे फिरला. रस्त्याकडच्या फाटकाशी दहाम कोट सावरत साखळी काढतच होता.

"अस्सलाम आलेकुम," कासम म्हणाला.

"वालेकुम अस्सलाम. घरचे कसे?"

"बरे आहेत," कासम म्हणाला आणि मान खाली घालून आत गेला.